मंद स्क्रीनचे निदानशास्त्र

मोबाइल ॲपमधली अमुक एक स्क्रीन उघडायला फार वेळ लागतो, अशी तक्रार नोंदवली गेल्यापासून तिचे खरे कारण हाती येईपर्यंत जो काळ लोटतो, त्यातला अगदी थोडा भाग कारण शोधण्यात जातो. उरलेला सगळा काळ, ज्यांना कारण आधीपासूनच ठाऊक आहे अशा मंडळींचे म्हणणे ऐकून घेण्यात खर्च होतो. या क्षेत्रातील सर्वमान्य निरीक्षण असे की, मंदपणाचे कारण प्रत्येकाला माहीत असते, ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि प्रत्येकाच्या बाबतीत ते शेजारच्या विभागात दडलेले असते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना दोष ॲपमध्ये दिसतो, ॲप लिहिणाऱ्यांना तो सर्व्हरमध्ये दिसतो, डिझायनरला दोन्हीकडे दिसतो आणि व्यवस्थापकाला घरून काम करण्याच्या सवलतीत दिसतो. वेळ मोजण्याची साधने मात्र प्रत्येकाच्या संगणकावर फुकट बसवलेली असतात, आणि ती उघडण्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

विवेचनासाठी येथे अँड्रॉइड ही प्रणाली घेतली आहे, कारण ती अगदी स्वस्त फोनपासून लाखाच्या फोनपर्यंत सर्वत्र चालते आणि त्यामुळे गैरसमजांना तिच्यात वावही तितकाच मोठा आहे. अँड्रॉइडच्या जुन्या व रुळलेल्या पद्धतीत स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक वस्तू, मग ते बटण असो, चित्र असो की अक्षरांची ओळ असो, 'व्ह्यू' म्हणून ओळखली जाते. हे व्ह्यू एकमेकांच्या पोटात ठेवून जी मांडणी तयार होते तिला 'लेआउट' म्हणतात, आणि ती मांडणी एका फाइलीत लिहून ठेवलेली असते. स्क्रीन उघडली की ती फाइल वाचून तिच्यातील प्रत्येक नोंदीमागे एकेक व्ह्यू घडवला जातो, याला 'इन्फ्लेट' करणे म्हणतात; त्यानंतर प्रत्येक व्ह्यूचे माप घेतले जाते, त्याची जागा ठरते आणि मग तो रंगवला जातो. हे सर्व सोपस्कार प्रामुख्याने 'मेन थ्रेड' नावाच्या एकाच कामकऱ्याकडे असतात, आणि वापरणाऱ्याचे बोट कोठे टेकले याची दखल घेण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकलेली असते. सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ६० 'फ्रेम', दाखवणाऱ्या फोनवर त्याला एका फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झच्या महागड्या फोनवर ही मुदत ८.३३ मिलिसेकंदांवर येते, म्हणजे जास्त पैसे मोजणारा ग्राहक आपल्या पदरच्या पैशाने त्या बिचाऱ्याची मुदत निम्मी करून ठेवतो.

मुदत हुकली म्हणून प्रणाली लगेच बोभाटा करत नाही. ३० किंवा त्याहून अधिक फ्रेम एका दमात हुकेपर्यंत, म्हणजे ६० हर्ट्झच्या फोनवर अर्धा सेकंद, ती मुकाट्याने सहन करते आणि मग 'लॉग' नावाच्या नोंदवहीत एक सौम्य ओळ लिहिते की, इतक्या फ्रेम हुकल्या, मेन थ्रेडवर फार काम पडत असावे. एकाच फ्रेमला ७०० मिलिसेकंदांहून अधिक लागले तर ती 'गोठलेली' म्हणून मोजली जाते, आणि स्पर्शाला ५ सेकंद उत्तर आले नाही तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची वार्ता थेट वापरणाऱ्याच्याच कानावर घातली जाते. यातली पहिली, सर्वांत मोलाची सूचना कोणीही वाचत नाही, कारण त्याच लॉगमध्ये डेव्हलपरने स्वतःच्या सोयीसाठी लिहून ठेवलेल्या 'इथे आलो', 'इथे पण आलो', 'इथे का आलो' अशा शेकडो ओळी वाहत असतात आणि त्या पुरात प्रणालीची ती सौम्य ओळ केव्हा वाहून गेली हे कळतही नाही.

पहिला आरोपी नेटवर्क असतो. 'स्टँडअप' नावाची एक सकाळची बैठक असते, जी उभ्या उभ्या आटोपावी असा नियम आहे आणि जिला सर्वजण खुर्च्या ओढून बसतात. त्या बैठकीत किराणा घरपोच देणाऱ्या एखाद्या ॲपची 'माझ्या ऑर्डरी' ही स्क्रीन चार सेकंद पांढरी राहते, असा विषय निघाला की पुढील संवाद ठरलेला असतो.

"एपीआय स्लो आहे," ॲपवाला सांगतो. एपीआय म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवण्याचे दार.

"आमच्याकडून १८० मिलिसेकंदांत रिस्पॉन्स जातोय. लॉग पाठवू का?" सर्व्हर सांभाळणारा बॅकएंडवाला म्हणतो.

"तुमच्या वायफायवर जात असेल हो. युजर काय तुमच्या ऑफिसात बसलाय?"

"मग युजरला आणा इकडे. चहा पाजू."

हा वाद एका कृतीने मिटण्यासारखा असतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि आधी साठवून ठेवलेल्या ऑर्डरींसह तीच स्क्रीन पुन्हा उघडायची. नेटवर्कच नसताना ती तेवढाच वेळ पांढरी राहिली तर नेटवर्क निर्दोष सुटते. या चाचणीला एक बोट पुरते. तरीही ती आठवडाभर कोणी करत नाही, कारण तिचा निकाल दोन्ही पक्षांपैकी एकाला मान्य करावा लागेल, ही भीती दोन्ही पक्षांना सारखीच असते. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्यात निदान सोबत तरी मिळते.

नेटवर्कची जामिनावर सुटका झाली की संशय फोनवर येतो. डेव्हलपरचा फोन कंपनीने दिलेला, यंदाचा आणि बारा जीबी मेमरीचा असतो. "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय" हे त्याचे विधान म्हणूनच शंभर टक्के खरे असते आणि त्याचा शंभर टक्के उपयोग नसतो. टेस्टरबाईंच्या टेबलावर मात्र तीन जीबीचा, कोपरा फुटलेला, तीन जणांच्या हाताखालून गेलेला फोन असतो आणि त्यात स्क्रीन उघडताना खरोखर चार सेकंद जातात. आता हा पुरावा म्हणून घ्यावा, तर त्या फोनवर मागच्या महिन्यात कोणीतरी 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये जाऊन ॲनिमेशनचा वेग दहापट संथ करून ठेवलेला असतो आणि पूर्ववत करायला विसरलेला असतो. त्या फोनवर सगळेच संथ असते. खिडक्या उघडतात त्याही एखाद्या शास्त्रीय गायकाच्या विलंबित आलापासारख्या. ते दुरुस्त करावे तर बॅटरी सेव्हर चालू निघतो. तो बंद करावा तर फोन सकाळपासून चार्जरला लावलेला आणि खिडकीतल्या उन्हात पडलेला निघतो, आणि तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरची गती आपण होऊन कमी करतो, हे कोणाच्या लक्षातच नसते. फोन गार करण्यासाठी तो एसीच्या झोतापुढे धरून उभा असलेला अभियंता हिंजवडीतल्या कोणत्याही मजल्यावर अधूनमधून पाहायला मिळतो. एवढे सगळे झाल्यावर लक्षात येते की मोजमाप चालले आहे ते 'डीबग बिल्ड'वर, म्हणजे चुका शोधण्याच्या सोयीसाठी तयार केलेल्या आवृत्तीवर, जी ग्राहकाला मिळणाऱ्या आवृत्तीपेक्षा मुळातच मंद असते. सर्व आकडे पुसले जातात. टेस्टरबाई "मी हे परवाच म्हटलं होतं" असे म्हणतात आणि ते खरेही असते, पण परवाच्या बैठकीत त्यांचा माइक म्यूट होता.

येथून पुढे अनुष्ठानांचा कालखंड सुरू होतो. 'क्लीन बिल्ड' करणे, म्हणजे आधीची सर्व जुळणी पुसून ॲप नव्याने बांधणे, हा नित्यविधी आहे. 'इन्व्हॅलिडेट कॅशेस' हा नैमित्तिक विधी असून त्यात डेव्हलपरच्या संगणकावरील संपादकाची साठवण पुसली जाते, जिचा ग्राहकाच्या फोनशी काडीचाही संबंध नसतो. तरीही तो भक्तिभावाने केला जातो, कारण त्याला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात चहा होतो. याच सुमारास कोणाला तरी 'ओव्हरड्रॉ' दाखवण्याची सोय सापडते. एकच ठिपका किती वेळा रंगवला गेला हे ती रंगांनी दाखवते: एकदा जास्तीचा रंगवला तर निळा, दोनदा तर हिरवा, तीनदा तर गुलाबी आणि चार वा अधिक वेळा तर लाल. ही सोय चालू केली की कोणतीही स्क्रीन रंगपंचमीला साजेशी दिसते आणि तिचा फोटो काढून सादरीकरणात लावता येतो, हे तिच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण असावे. मग आठवडाभर लाल भागाचा गुलाबी आणि गुलाबीचा हिरवा करण्याचे काम चालते, ते उत्तम पार पडते, आणि स्क्रीन पूर्वीइतकेच चार सेकंद पांढरी राहते. कारण रंगवणे हे तिचे दुखणे नव्हतेच, रंगवण्याची वेळच मुळी चार सेकंदांनी येत होती.

अशा निराशेच्या क्षणी एक तरुण सदस्य उभा राहतो आणि सगळे ॲप नव्या फ्रेमवर्कमध्ये पुन्हा लिहावे असे सुचवतो. गुगलने 'जेटपॅक कंपोज'ची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आणली, आणि तिच्यात वेगळी लेआउट फाइल न ठेवता स्क्रीनचे वर्णन थेट कोटलिन भाषेत करता येते, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु घर गळते म्हणून गाव बदलण्याचा हा सल्ला स्वीकारून कोणी एक स्क्रीन नमुन्यादाखल नव्याने लिहिली, तर ती डीबग बिल्डमध्ये जुनीपेक्षाही हळू उघडते, कारण कंपोजला डीबग बिल्डमध्ये विशेष जड जाते. आणि डीबग बिल्डवर मोजू नये हा मागच्याच आठवड्यात शिकलेला धडा तोवर सगळे विसरलेले असतात. ज्येष्ठ सदस्य यावर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांचा आधार घेतात. नूथ यांनी १९७४ साली एका प्रदीर्घ लेखात अकाली केलेल्या सुधारणा सर्व अनर्थांचे मूळ असतात अशा अर्थाचे विधान केले, आणि तेव्हापासून काहीही न करण्यासाठी इतके भारदस्त प्रमाणपत्र दुसरे निघालेले नाही. लगेच पुढे ते सांगतात की कळीच्या तीन टक्के भागातली संधी मात्र सोडू नये, आणि तो भाग कोणता याचे प्रोग्रामरने केलेले अंदाज मोजून पाहिल्यावर चुकीचे ठरतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या विधानाच्या पुढेही वाचणारा वर्ग अल्पसंख्य असावा.

अखेर, सर्व आरोपी संपल्यामुळे, मोजमाप केले जाते. 'ट्रेस' म्हणजे फोनने कोणत्या क्षणी काय केले याची मिलिसेकंदांच्या हिशेबाने टिपलेली पट्टी. ती नोंदवायला दहा सेकंद लागतात आणि उघडायला एक धाडसी माणूस लागतो, कारण प्रथमदर्शनी तिच्यात शेकडो रंगीत पट्ट्या एकमेकींखाली लोंबत असतात आणि पाहणाऱ्याला आपण नको त्या दालनात आलो असे वाटते. परंतु मेन थ्रेडची ओळ शोधून ती ताणून मोठी केली की तिच्यावर कामांची नावे स्पष्ट लिहिलेली दिसतात. नमुन्यातल्या 'माझ्या ऑर्डरी' या स्क्रीनच्या पट्टीत 'इन्फ्लेट' हा शब्द एकदा येतो. मग पुन्हा येतो. मग पुन्हा, आणि पट्टी उजवीकडे कितीही सरकवली तरी तो येतच राहतो, आणि तोवर मागे उभी राहून बघणारी गर्दी हळूहळू शांत होत जाते.

ऑर्डरींच्या यादीसाठी 'रिसायकलर व्ह्यू' नावाचा व्ह्यू वापरलेला असतो. त्याची सगळी कीर्ती अशी की यादीत हजार ओळी असल्या तरी तो स्क्रीनवर मावतील तेवढ्याच, आठ-दहा ओळी घडवतो आणि वर सरकून गेलेली ओळ धुऊन-पुसून खाली पुन्हा वापरतो. हा काटकसरी गृहस्थ कोणीतरी उचलून दुसऱ्या एका सरकत्या व्ह्यूच्या पोटात ठेवलेला असतो आणि त्याला 'तुला लागेल तेवढी उंची घे' अशी मोकळीक दिलेली असते. उंचीला मर्यादाच नाही म्हटल्यावर सगळ्या ओळी स्क्रीनवर मावतात असे तो प्रामाणिकपणे समजतो आणि सगळ्याच्या सगळ्या एकदम घडवतो. चाचणीच्या खात्यात पाच ऑर्डरी होत्या, त्यामुळे हे कोणाला जाणवले नाही. ज्या ग्राहकाने गेले काही महिने दूध, कोथिंबीर आणि अर्धा डझन अंडी रोज वेगवेगळी मागवून सहाशे ऑर्डरी साठवल्या, त्याच्या फोनवर मात्र एका ओळीत चौदा व्ह्यू या हिशेबाने ८,४०० व्ह्यू घडतात, आणि तेही त्याला सकाळची फक्त शेवटची ऑर्डर बघायची असताना. कंपनीवर सर्वांत जास्त निष्ठा असलेल्या ग्राहकाला सर्वांत मंद स्क्रीन मिळावी, यातला न्याय अर्थातच कोणी ठरवून केलेला नसतो.

त्यात प्रत्येक ओळीची मापे हा आणखी एक प्रकार. लेआउटच्या परिभाषेत बाहेरचा व्ह्यू 'पालक' आणि आतले व्ह्यू 'अपत्ये' असतात, आणि जागेचे वाटप 'वेट' म्हणजे वाट्यांनी ठरवायचे असेल तर पालक आधी प्रत्येक अपत्याला किती जागा लागेल ते विचारतो, शिल्लक काढतो आणि मग वाटे पाडून पुन्हा एकदा विचारतो. अपत्यांच्या पोटी पुन्हा वाटेकरी असतील तर प्रत्येक पिढीला प्रश्नांची संख्या दुप्पट होते. पाचव्या पिढीतल्या अपत्याला, जे बहुधा 'रद्द करा' एवढे दोन शब्द असलेले बटण असते, तुझे माप काय असे ३२ वेळा विचारले जाते आणि ते ३२ वेळा तेच उत्तर देते. याविषयी अँड्रॉइड स्टुडिओ हा संपादक गप्प बसलेला नसतो. वाट्यांत वाटे घालू नका, पिढ्या दहाच्या वर नेऊ नका, एका लेआउटमध्ये ८० हून अधिक व्ह्यू ठेवू नका, अशा सूचना त्याच्या 'लिंट' या तपासनिसाने पिवळ्या रंगात दिलेल्या असतात. पण प्रकल्पात आधीच दोन-अडीच हजार पिवळ्या सूचना साचलेल्या असल्यामुळे, त्या पिवळेपणाकडे जुन्या भिंतीच्या रंगाइतकेच लक्ष जाते.

तपासात आणखी काही किरकोळ गुन्हेगारही सापडतात. नखाएवढ्या जागेत दाखवायचा दुकानदाराचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि उलगडल्यावर मेमरीत ४८ एमबी जागा अडवून बसतो. ग्राहकाचे नाव फोनवरच्या फाइलीतून वाचण्यासाठी मेन थ्रेडला रांगेत उभे केलेले असते. अशा गोष्टी पकडण्यासाठी अँड्रॉइडमध्ये २०१० पासून 'स्ट्रिक्ट मोड' नावाचा पहारेकरी आहे आणि त्याच्याकडे शिक्षांची एक चढती श्रेणी आहे: नुसती नोंद करणे, खिडकी उघडून दटावणे, स्क्रीनची कड लाल चमकवून जाहीर अपमान करणे, आणि शेवटी 'पेनल्टी डेथ', म्हणजे अपराध घडताच ॲपला जागच्या जागी मृत्युदंड. संघातला एखादा कडक सदस्य उत्साहाने एकदम शेवटचीच शिक्षा लागू करतो. ॲप उघडताक्षणी मरते, पुन्हा उघडले तर पुन्हा मरते, दुपारपर्यंत कोणालाच काम करता येत नाही आणि संध्याकाळी पहारेकऱ्यालाच नारळ दिला जातो.

दोष सापडल्यावर दोषी शोधणे ओघाने येतेच, आणि त्यासाठी प्रोग्रामिंगच्या जगात 'गिट ब्लेम' या उघड नावाची आज्ञा आहे, जी प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचे नाव दाखवते. ती चालवली असता 'लागेल तेवढी उंची घे' या ओळीपुढे खुद्द व्यवस्थापकांचे नाव येते आणि खोलीतल्या सर्वांना एकाच वेळी खोकला येतो. पुढे उलगडा होतो की व्यवस्थापकांनी पूर्वी एका रविवारी सगळ्या प्रकल्पातील मोकळ्या जागा सारख्या केल्या होत्या, त्यामुळे सगळेच पाप त्यांच्या खाती जमा आहे. आणखी मागे गेल्यावर खरा कर्ता सापडतो. तो नोकरी बदलून केव्हाच बंगळुरूला गेलेला असतो. मात्र त्याच्या त्या बदलाला 'एलजीटीएम', म्हणजे 'मला तर ठीक वाटते', असा शेरा मारून संमती देणारे तिघेही टेबलाभोवतीच बसलेले असतात, आणि नेमके तेव्हाच चर्चा पुढच्या विषयाकडे वळते.

या दीर्घ काळात ग्राहकाला पांढरी स्क्रीन दिसू नये म्हणून डिझायनरने मध्येच एक उपाय योजलेला असतो: पिशवी घेऊन धावणाऱ्या मुलाचे ॲनिमेशन. ते सुंदर असते. त्याची फाइल इतकी सुंदर असते की ती वाचायलाच अर्धा सेकंद लागतो, म्हणजे 'थोडे थांबा' हे सांगण्यासाठी ग्राहकाला आधी थोडे थांबावे लागते. आणि मेन थ्रेड ८,४०० व्ह्यू घडवण्यात गुंतलेला असल्यामुळे तो मुलगा एक पाय उचललेल्या अवस्थेत चार सेकंद तसाच उभा राहतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ साली नोंदवलेल्या मर्यादांप्रमाणे एका सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराचा धागा टिकतो आणि दहा सेकंदांपर्यंत लक्ष टिकते. एका पायावर उभ्या मुलाकडे बघत किती टिकते, याचा त्यांनी विचार केलेला नाही. वाट पाहायला लावण्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो नोंदवणे भाग आहे. रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन या हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०११ साली दाखवले की, संकेतस्थळ आपल्यासाठी काय काय खटपट करत आहे हे डोळ्यांना दिसत असेल, तर लोक वाट पाहावी लागूनही त्या सेवेला अधिक मोल देतात. हा निष्कर्ष व्यवस्थापनाच्या कानावर गेल्यापासून काही ॲपमध्ये काम आटोपल्यावरही दीड सेकंद 'आम्ही शोधत आहोत' असे दाखवले जाते, आणि तो दीड सेकंद ट्रेसमध्ये सापडला की त्याला हात लावू नये असा आदेश असतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती म्हणाल तर ती चार ओळींची असते. यादी दुसऱ्या व्ह्यूच्या पोटातून बाहेर काढायची, वाट्यांची उतरंड मोडून सपाट मांडणी करायची, फोटो लागेल त्या आकाराचा मागवायचा; स्क्रीन जुन्या फोनवरही अर्ध्या सेकंदाच्या आत उघडते. संघात आनंदीआनंद होतो, समोसे येतात, आणि सोमवारच्या बैठकीत ठरते की आता जागा झालीच आहे तर त्या स्क्रीनवर तीन सरकत्या जाहिराती आणि एक व्हिडिओ बसवता येईल. या विषयावरील लेखन, प्रस्तुत लेखासह, कोणतेही ॲप एका मिलिसेकंदानेही जलद करत नाही, हे मान्य केले पाहिजे. वापरणाऱ्याला मात्र थोडी मदत करता येण्यासारखी आहे. ॲपच्या पानावर 'बेकार ॲप, एक स्टार' एवढेच लिहून रागावून निघून न जाता त्याने फोनचे मॉडेल, अडकणाऱ्या स्क्रीनचे नाव आणि साधारण किती सेकंद लागतात एवढे तीन तपशील लिहावेत. निदान ट्रेस कोणत्या स्क्रीनचा काढायचा, यावरची बैठक तरी टळेल.